घार टाकीवर, गरुड थर्माकोलचा

अध्यक्षमहाराज, संयोजक आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय छापलाय 'शिकारी पक्षी, हस्तकला आणि विज्ञान : पाच उपक्रम'. पाचही सांगणार आहे, काळजी नसावी. 'पक्ष्यांना सीमा नसतात' हे वाक्य मात्र माझ्या तोंडून येणार नाही. सकाळपासून या व्यासपीठावरून ते तीनदा येऊन गेलंय, आणि आपल्या या मराठी-कानडी सीमाभागात ते म्हटलं की कुणीतरी उसासा सोडतो, मग कुणीतरी घोषणा देतो, आणि जेवण लांबतं.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मराठी माध्यमात. त्यातली एक ठसठस अजून गेलेली नाही, ती आधी सांगतो.

आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर रोज घार बसायची. साडेदहाची प्रार्थना सुरू झाली की ती हजर. शंभर पावलांवर कोंबडीचं दुकान, तेव्हा घार हिंडते आकाशी, चित्त तिचं दुकानापाशी. तर मी नववीला 'शिकारी पक्षी' हा प्रकल्प दिला. चाळीस पोरं. त्यातल्या तीसेकांनी कोणता पक्षी केला असेल? पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा, रागीट डोळ्यांचा अमेरिकन गरुड! कारण स्टेशनरीच्या दुकानात जो पाच रुपयांचा तक्ता मिळतो, त्यावर तोच. हा पक्षी उत्तर अमेरिकेतला. भारतात तो नाहीच. पोरांनी त्याला कापूस चिकटवला, थर्माकोल लावला, आणि खाली लिहिलं 'आपल्या परिसरातील पक्षी'. सिनेमात तो ओरडतो ना, तो आवाजसुद्धा बऱ्याचदा त्याचा नसतो. त्याचा स्वतःचा आवाज किरकिरा, नायकाला न शोभणारा. म्हणून तिकडच्या दुसऱ्याच एका शिकारी पक्ष्याचा उसना लावतात.

बरं, पांढऱ्या डोक्याचाच हवा होता, तर आपली ब्राह्मणी घार काय वाईट? डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. तळ्याकाठी दिसते. लोक तिलाच गरुड समजून हात जोडतात. पण ती तक्त्यावर नाही.

(इंग्रजी माध्यमातल्या माझ्या नातवाला मी विचारलं, काईट पाहिलास का रे? म्हणाला, हो आजोबा, संक्रांतीला. जाऊ दे.)

त्या चाळिसांत एक पोरगा होता, त्या कोंबडीच्या दुकानदाराचा. त्यानं काहीच आणलं नव्हतं. मी रागावलो. तो म्हणाला, "सर, आमच्या दुकानावर येती ती अशी नाही. तिचं डोकं पांढरं नाही. आनि ती शेपटीनं वळती बगा." मी म्हटलं, पंखानं वळते. "पंख हालवत नाही ओ. शेपटी मुरगळती."

मंडळी, मी बी.एस्सी., बी.एड. त्या दिवशी संध्याकाळी टाकीखाली मान वर करून उभा राहिलो. घार पंख पसरून तरंगत होती आणि तिची ती खाचेची शेपूट नावेच्या सुकाणूसारखी डावी-उजवी पिळत होती. पोरगा बरोबर होता. तो रोज आतडी टाकायला बाहेर यायचा, आणि ती वरून येऊन पायानं उचलायची, उडता उडताच पाय पुढे घेऊन खायची. चोचीनं उचलत नाही, हेही त्यानंच मला दाखवलं.

त्यानं मग घार केली. बांबूच्या कामट्या, वर्तमानपत्र, मधोमध सायकलचा स्पोक. शेपूट स्पोकवर फिरायची. अख्खी घार दोऱ्यानं टांगायची, समोर टेबलफॅन लावायचा, आणि शेपूट जरा पिळली की घार आपोआप तोंड फिरवायची. कागदावर बातम्या दिसत होत्या, रंग दिलाच नव्हता. खरं सांगतो, मीच त्याला म्हणालो होतो, जरा रंग दे, बरं दिसेल. तो म्हणाला, रंगानं जड होती.

प्रदर्शनात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंय. पहिला नंबर थर्माकोलच्या गरुडाला. डोळ्यांत लाल दिवे, मान मोटारीवर फिरते. परीक्षक नाव घेण्याजोगे नाहीत, म्हणून घेत नाही. ते आमच्या पोरासमोर थांबले आणि विचारलं, "पक्षी कुठला?" पोरगं म्हणालं, घार. शेजारच्या कानडी शाळेतली मुलगी म्हणाली, "हद्दु." म्हणजे कानडीत घारच. परीक्षक म्हणाले, "एक काहीतरी ठरवा", आणि पुढे गेले. फॅनचं बटणसुद्धा दाबलं नाही त्यांनी. फॅन मी घरून नेला होता, रिक्षानं!

माझं म्हणणं एवढंच आहे. पक्षी दिसतो कसा हे मुलांकडून करून घेऊ नका. तो करतो काय, ते करून घ्या. चोच पिवळी की काळी हे तक्ता सांगतो. शेपूट कशी पिळते हे...

(इथे संयोजकांची चिठ्ठी आली : 'पाच मिनिटे. भात झाला आहे.')

बरं. पाच उपक्रम, पाच मिनिटं. एक तर झालाच, शेपटीचा.

दुसरा रांगोळीचा. पटांगणात पक्ष्यांचे पंख खऱ्या मापाचे काढा. शिक्रा दोन फुटांच्या आसपास, घार सुमारे दीड मीटर, आपलं लांब चोचीचं गिधाड दोन मीटरच्या वर. सहावी-सातवीचं पोर घारीच्या चित्रात हात पसरून झोपलं की बोटं पंखांच्या टोकांना लागतात. मग सांगा, घारीचं वजन किलोभराच्या आत. पोर स्वतःच विचारतं, मग ती आतून पोकळ आहे काय? हाडांचा धडा तिथून सुरू करा. आणि खरी पिसं मागवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती बाळगता येत नाहीत. पुठ्ठ्याची कापा.

तिसरा, पंजा. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, त्याचे तुकडे करून पुठ्ठ्याच्या बोटांवर चिकटवा, आतून सुतळी ओवा, मागून ओढा. बोटं मिटतात. पाय दुमडला की आतली कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, ताणली जाते आणि नखं आवळतात, ते हेच. नखांना बाभळीचे काटे लावू नका. आम्ही लावले होते. बँडेज माझ्या खर्चानं.

चौथा, घुबड. मराठीत घुबड आणि कानडीत गूबे, दोन्हीकडे शिवी. या एका बाबतीत पूर्ण एकमत आहे. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं, आणि केस-हाडं न पचता गोळी होऊन तोंडावाटे पडतात. जुन्या वाड्याच्या माळ्याखाली, देवळाच्या शिखराखाली सापडतात. फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये चांगल्या तापवायच्या, हातमोजे घालायचे, मगच मुलांना द्यायच्या. (आमच्या घरचा ओव्हन त्या दिवसापासून कायमचा माझ्या नावावर झालाय.) चिमट्यानं हाडं सुटी करून काळ्या कागदावर चिकटवायची. पुढे छिन्नीसारखे दात आणि मागे मोकळी जागा असेल तर उंदीर. टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. इथं भातवाले, ऊसवाले बसलेत. एका गोळीत किती कवट्या निघतात ते स्वतः मोजा, मग घुबड दिसल्यावर दगड उचलायचा की नाही ते ठरवा.

पाचवा गिधाडांचा, आणि यासाठी मला खरं तर तासभर हवा होता. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. पोरं विचारतात, सगळ्याच जनावरांना थोडंच औषध देत होते? नव्हते. शंभरात एकापेक्षा कमी शवांत ते असलं तरी पुरेसं होतं, असं संशोधकांनी गणित मांडून दाखवलं. ते पोरांना असं दाखवा. पिशवीत 200 चिंचोके, त्यातला एक लाल. प्रत्येकानं न बघता एक काढायचा, परत टाकायचा. एक चिंचोका म्हणजे एक जेवण. लाल आला की बाद. गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवतं असं धरा, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या घरात जेवणं. आठवडाभर मधल्या सुट्टीत खेळलो आम्ही. शेवटी वर्गातली निम्म्याच्या आसपास पोरं बाद. आणि गिधाड वर्षाला अंडं घालतं एकच. चिंचोके पिशवीत परत भरताना त्या दिवशी कुणी दंगा केला नाही...

दुसरी चिठ्ठी आली. यावर नुसतं 'भात' लिहिलंय.

थांबतो. गोळ्यांचा डबा इथं टेबलावर ठेवतोय, तापवलेल्या आहेत. बघायच्या असतील त्यांनी बघाव्यात, पण जेवून आल्यावर.