खड्ड्याच्या काठावर आई

श्रोतेहो, नमस्कार.

मृतांच्या लोकात जाऊन आलेला वीर म्हटलं, की पाताळाच्या पायऱ्या उतरणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातला ओडिसियस मात्र फारसा उतरतच नाही. तो एका खड्ड्याच्या काठावर बसून राहतो, हातात उपसलेली तलवार घेऊन.

‘ओडिसी’चे सर्ग 24, त्यातला हा अकरावा. ट्रॉयचं युद्ध संपलंय, पण इथाकेची, घराची वाट काही सापडत नाही. ती सांगू शकेल थीब्जचा आंधळा द्रष्टा टायरेसियस, आणि तो तर कधीच मेलेला. म्हणून सर्सी, ती मायावी देवी, ओडिसियसला जगाच्या कडेला धाडते. तिथे धुकं इतकं, की सूर्य म्हणून कधी दिसत नाही. हातभर लांब, हातभर रुंद खड्डा. त्यात मध घातलेलं दूध, मग गोड मद्य, मग पाणी, वर जवाचं पीठ. आणि शेवटी मेंढ्यांचं रक्त. ते वाहू लागलं, की मृतांची झुंबड उडते: नवऱ्या मुली, थकलेले म्हातारे, रक्ताळलेल्या चिलखतातले योद्धे. टायरेसियस येईपर्यंत कुणालाही रक्ताला तोंड लावू द्यायचं नाही, अशी सर्सीची ताकीद आहे.

सगळ्यांत आधी येतो एल्पेनॉर, त्याच्याच जहाजावरचा गडी. दारू पिऊन सर्सीच्या छपरावर झोपला, दचकून उठला, शिडीचं भान राहिलं नाही, पडला आणि मान मोडली. त्याला ओडिसियसने काय विचारावं? ‘मी जहाजाने आलो, तू पायी निघून माझ्याआधी कसा पोचलास?’ अशा जागी असा प्रश्न! होमर मला आवडतो तो यासाठी.

आणि मग समोर आई. अँटिक्लिया. ट्रॉयला निघताना तो तिला जिवंत सोडून गेला होता. ती गेली, हे त्याला कळतं ते तिला इथे पाहून. तो रडतो, पण तलवार बाजूला घेत नाही. आधी टायरेसियस. तोवर आई रक्ताशेजारी मुकी बसून आहे, आणि पोटच्या पोराला ओळखत नाही.

पुढे याच सर्गात अकिलीस, ट्रॉयच्या युद्धातला मेलेला महावीर, भेटतो. मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाकडे मजुरी करून जगणं बरं, असं तो म्हणतो. ते पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मी आपला आईपाशीच थांबतो.

टायरेसियस भविष्य सांगून जातो, आई रक्त पिते, ओळखते. ओडिसियस एका दमात विचारतो: तू कशाने गेलीस? आजाराने, की आर्टेमिस देवीच्या बाणाने? बाबा कसे आहेत, मुलगा कसा आहे? माझं राज्य कुणी घेतलं का? बायको वाट बघते आहे ना? आई उत्तरं देते ती बरोबर उलट्या क्रमाने. पहिली सून: ती घरातच आहे, रडत दिवस काढते. मग राज्य आणि नातू. मग नवरा: म्हातारा शेतावर राहतो, थंडीत चुलीपाशी राखेत झोपतो, उन्हाळ्यात मळ्यातल्या पाचोळ्यावर. स्वतःचं मरण सगळ्यांत शेवटी. बाण नाही, आजार नाही, तुझ्या ओढीने गेले रे.

तोंडी काव्यात प्रश्नांना अशी उलटी उत्तरं द्यायची रीतच होती, असं अभ्यासक सांगतात. असेल. पण ती रीत इथे आईच्या तोंडी काय शोभली आहे!

तो तीनदा तिला मिठी मारायला जातो, तीनदा ती सावलीसारखी हातांतून निसटते. चितेनंतर असंच होतं, ती समजावते. आता लवकर उजेडाकडे जा, आणि हे सगळं लक्षात ठेव, पुढे बायकोला सांगायला.

तेविसाव्या सर्गात, इथाकेला, अंथरुणावर पडल्या पडल्या तो पेनेलोपीला सारं सांगतो. मृतांच्या घरी गेलो, तिथे सोबती दिसले, आणि जिने मला जन्म दिला, लहानपणी पाजलं, ती आईही दिसली. सगळं ऐकून होईपर्यंत पेनेलोपीच्या डोळ्याला डोळा लागत नाही.