बंपरमधली टिकटिक

(दृश्य: मागचा बंपर, जवळून. गिअर पडल्याचा खटका, मग एक लांब बीप.)

रिव्हर्स गिअर पडला की पार्किंग सेन्सरचा बझर तीनेक सेकंद एकाच सुरात वाजतो आणि गप्प होतो. मग मागची भिंत हातभर अंतरावर आली तरी तो गप्पच. हा आवाज भिंतीसाठी नव्हताच. सेन्सर चालवणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलनं सुरुवातीलाच स्वतःची तपासणी केली, एक जागा नापास झाली आणि त्यानं इशारा देणं थांबवलं. बऱ्याच गाड्यांत बंपरमधल्या चारांपैकी एक सेन्सर गेला की उरलेल्या तिघांचाही इशारा बंद होतो. म्हणून चारही बदलायचा सल्ला पटकन दिला जातो आणि तो पटकन पटतोही.

पण इथे पहिलं अवजार कान आहे.

(दृश्य: बंपरला टेकवलेला कान. पार्श्वसंगीत बंद.)

इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण, गिअर रिव्हर्सला. आता ऐका. टिक टिक टिक. सेन्सर साधारण ४८ किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि माणसाचा कान २० च्या पुढे ऐकत नाही. मग हे ऐकू येतं ते काय? तो आवाज सलग नसतो, झटक्याझटक्यानं सुटतो. प्रत्येक झटका सुरू होतो आणि थांबतो, त्याचीच ही टिकटिक. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभरावरच्या भिंतीवर आपटून परत यायला जेमतेम ६ मिलिसेकंद. मॉड्यूल तेवढा वेळ मोजतं, आणि अंतर कळतं.

बोटाचं पेर सेन्सरच्या तोंडावर ठेवा. ॲल्युमिनियमचा पातळ पडदा आणि त्याला आतून चिकटवलेली, विजेवर थरथरणारी पिझो चकती. जिवंत असेल तर पेराखाली मुंगी चालल्यासारखं लागतं. पहिला, दुसरा, चौथा लागतो. तिसरा लागत नाही. दोष दिसताच काही मॉड्यूल सगळ्यांचीच टिकटिक बंद करतात. तिथे ही युक्ती चालत नाही, थेट गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावावा लागतो.

त्याआधी एक ओला फडका. वाळलेला चिखल, बर्फ, नंबरप्लेटची पुढे आलेली चौकट, टो-हुक, यांतलं काहीही सेन्सरला अडथळा वाटू शकतं. आणि बंपर नुकताच रंगवलेला असेल तर संशय रंगावर घ्या. पडद्यावर रंगाचे थरावर थर चढले की तो नीट कंपत नाही.

(दृश्य: स्कॅनरचा पडदा.)

स्कॅनर सांगतो: मागचा, उजवा, आतला. इथेच बहुतेकांचं निदान संपतं, आणि ते तिथे संपू नये. स्कॅनर 'सेन्सर' म्हणतो तेव्हा सेन्सरपासून मॉड्यूलपर्यंतची अख्खी वाट त्यात येते: सेन्सर, कनेक्टर, वायर, बंपर आणि बॉडीमधला मोठा जोड.

बंपर कसा उतरतो ते गाडीगणिक वेगळं. काही गाड्यांत तो उतरवावाही लागत नाही, खालून हात जातो. उतरवायचाच असेल तर दोघं हवेत, आणि ओढण्याआधी वायरिंगचा जोड सोडायचा.

(दृश्य: बंपरची आतली बाजू. दोन हात, दोन प्लग.)

आता अदलाबदल. आधी स्कॅनरमधला जुना दोष पुसायचा. मग संशयित सेन्सरचा प्लग शेजारच्याला आणि शेजारच्याचा याला. वायर पुरत नसेल तर दोन्ही सेन्सर काढून जागा बदलायच्या. पुन्हा इग्निशन, पुन्हा रिव्हर्स. स्कॅनर आता शेजारची जागा सांगू लागला, म्हणजे दोष सेन्सरबरोबर सरकला, तर सेन्सर मेला. दोष जुन्याच जागेवर बसून राहिला तर सेन्सर निर्दोष आहे, वायर बघा. खर्च शून्य.

या गाडीत दोष जागेवरच राहिला.

(दृश्य: कनेक्टर, अगदी जवळून. इथे थोडं थांबायचं.)

तीन पिना: पुरवठा, अर्थिंग, सिग्नल. मधली बघा. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. प्लगचं रबरी सील एका कडेला दुमडलं आहे, पाणी तिथूनच शिरलं. बाहेरून हा प्लग नवाकोरा दिसत होता.

मल्टिमीटर लावताना दोन चुका होतात. सेन्सरच्या पिनांमधला रोध मोजून तो 'गेला' असं ठरवणं ही एक. आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसरी म्हणजे जाड प्रोब प्लगच्या तोंडात खुपसणं. पिनेची पकड सैल होते आणि उद्याचा दोष आजच तयार होतो. बारीक सुई मागच्या बाजूनं, वायरीलगत सरकवा. पुरवठा आणि अर्थिंग यांच्यात किती व्होल्ट हवेत? काही गाड्यांत बॅटरीइतके, काहींत ८ च्या आसपास. पाठांतर नको. शेजारच्या चालू प्लगवर येतो तोच आकडा इथे हवा, आणि तोही प्लग सेन्सरला लावलेला असताना.

दुरुस्ती अशी: तांबं लख्ख दिसेपर्यंत वायर मागे कापायची, नवा प्लग जोडायचा, तिन्ही जोड एकाच ठिकाणी न येता दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे ठेवायचे, त्यांवर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी. नुसती इन्सुलेशन टेप पाणी अडवत नाही.

(दृश्य: दुसरी गाडी. नवा सेन्सर, सिलिकॉनची रिंग.)

सेन्सर खरोखर मेला असेल तर नवा घेताना पार्ट नंबर जुळवा, तोंडवळा नव्हे. दोन सेन्सर अगदी सारखे दिसतात आणि खाचा वेगळ्या निघतात. रंग द्यायचा तर बसवण्याआधी, रिंग काढून, फक्त दर्शनी भागावर, पातळ. आणि ही रिंग फेकू नका. पडद्याचं कंपन बंपरमध्ये उतरू नये म्हणून ती असते. चिमटली किंवा राहून गेली की बंपरच थरथरतो आणि समोर मोकळं मैदान असतानाही बझर सलग वाजतो. तिला बसवायला धीर लागतो. बोटानं सगळीकडून दाबत, कड कुठेही दुमडू न देता, आणि मग क्लिपचा टक्क. प्लगची दिशा शेजारच्या सेन्सरसारखीच हवी.

दोष पुसला. चाचणीला ७५ मिलिमीटर व्यासाचा, मीटरभर उंच उभा पाईप. आयएसओ १७३८६ या मानकातही चाचणीची वस्तू याच मापाची आहे. पाईप एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू सरकवायचा.

डावा कोपरा. आतला डावा. आतला उजवा.

(दृश्य: पाईप बंपरपासून ३० सेंटिमीटरच्या आत. बीप सलग. मग गिअर न्यूट्रलला, आणि आवाज बंद.)