बिलालची वर्दी

आत्ता आपण पाहिला तो ‘हिडियस किंकी’ हा सिनेमा १९९८ सालचा. दिग्दर्शक गिलिस मॅकिनन. ‘टायटॅनिक’ नुकताच जगभर तुफान चालला होता. त्यातली केट विन्स्लेट आता मोठमोठे सिनेमे घेणार असं सगळे धरून चालले होते. तर ही बाई मोरोक्कोतल्या माराकेशच्या एका स्वस्त हॉटेलात दोन पोरींना घेऊन राहणारी, पैशापैशाला महाग झालेली ज्यूलिया झाली. काळ १९७२चा. लंडनला कंटाळून आलेली, कुणी सूफी गुरू भेटेल आणि जिवाला थारा मिळेल या आशेवर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तिचा राग आला, चहाच्या वेळी कानावर आलंच. थोरली बी शाळेत घाला म्हणून हटून बसते आणि आई अल्जीरियातल्या सूफींकडे निघते, तेही बीला माराकेशमध्ये मागे ठेवून. परत येऊन बघते तर मुलगी जागेवर नाही. एका परक्या बाईच्या अनाथाश्रमात सापडते. राग यायलाच हवा. पण मग बापाचाही यावा की! तो लंडनमध्ये कवी आहे, दुसऱ्या बाईपासून त्याला आणखी एक मूल आहे. पोरी पार्सलची वाट बघतात, ते येतं, आणि उघडून पाहावं तर आतल्या भेटवस्तू त्या दुसऱ्या मुलासाठीच्या. त्या प्रसंगाला आपण सगळे हसलो. त्याचा तो वेंधळेपणा, आणि हिची मात्र बेजबाबदारी.

आता थोडं घरचं सांगतो. मुलाला काखोटीला मारून परदेशी निघालेली आई आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली चिमुकल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. १८८६त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला पोचल्या. पुढे मनोरमेला इंग्लंडला, वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींकडे परत धाडलं आणि स्वतः अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या. त्या खटाटोपातून १८८९ साली शारदा सदन उभं राहिलं, म्हणून त्या पोरीला काय वाटलं असेल हे आपण फारसं विचारत नाही. ज्यूलियाच्या हाती काही लागत नाही, म्हणून तिला मात्र धारेवर धरतो. दोघींची तुलना करायची नाही हो मला, रमाबाई कुठे आणि ही कुठे! आपण आईला माफ कधी करतो, एवढंच दाखवायचं होतं.

बीचं काम करणारी बेला रिझा या सिनेमाचा कणा आहे. धाकट्या लूसीला सगळा खेळच वाटतो. बीला कळतं की बाहुल्या शिवून विकल्यावर पोट भरत नाही आणि लंडनचे पैसे वेळेवर येत नाहीत. एस्थर फ्रॉइडच्या १९९२च्या ज्या कादंबरीवर हे बेतलंय, ती धाकटीच सांगते. सिनेमात तारकाच आई असल्यामुळे कॅमेरा आईमागे फिरतो. तिथे मला थोडं नुकसान वाटतं.

पण खरी गोम बिलालमध्ये आहे. जमा अल-फनाच्या चौकात कसरती करणारा हा देखणा गडी. सईद तगमावीने तो फार मोकळेपणाने केलाय. त्या काळात युरोपातून हिप्पी आले तसे पैसेवालेही आले. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सां लोराँने तर १९६६तच माराकेशमध्ये घर घेतलं. आणि त्याच वर्षांत मोरोक्कोची माणसं उलट्या दिशेने निघाली होती. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने १९६३त, बेल्जियमने १९६४त, हॉलंडने १९६९त मोरोक्कोशी मजूरभरतीचे करार केले. खाणीत, कारखान्यात राबायला करारावर जायचं. एकीकडे मनःशांती शोधायला येणारे, दुसरीकडे पोटासाठी जाणारे. बिलाल या दोन्हींत नाही. गावी त्याची बायको आहे, हातात नोकरी धड टिकत नाही.

बी आजारी पडते, आणि आता लंडनला परतायलाच हवं हे ज्यूलियाला कळतं. तिकिटाला पैसे नाहीत. मग बिलाल काय करतो? पर्यटकांसमोर नाचा-बागडायला मिळालेली आपली झगमगीत वर्दी विकतो आणि आगगाडीची तिकिटं आणतो. म्हणजे इंग्लंडातल्या एका मध्यमवर्गीय बाईच्या मुक्तीचा शेवटचा हप्ता मोरोक्कोतल्या बेकार माणसाने भरला. तिला परत जायला एक देश होता. पैसे संपले तरी तो संपत नव्हता.

वर्दी गेली म्हणजे कामही गेलंच. दुसऱ्या दिवशी बिलाल काय खाणार? सिनेमा हे विचारत नाही. तो त्याला ट्रकमधून गाडीच्या बाजूने धावायला लावतो, हसायला लावतो आणि आपल्याला डोळे पुसायला लावतो. मॅकिननचं इथे मला पटत नाही. आईबद्दल आपण चहाच्या वेळी भरपूर बोललो, तेव्हा आता प्रश्नोत्तरांत आधी बिलालबद्दल बोलूया. मागच्या बाजूला माइक द्या, त्या बाईंनी केव्हाचा हात वर केलाय.