खोडाची ओली बाजू

(पहाट. सालीवर बोट फिरतं, बोटाला हिरवी पूड लागते.)

हा मळ नाही. झाडाला जडलेला रोगही नाही. हे शेवाळ आहे, नुसत्या डोळ्यांना एकेक पेशी दिसणार नाही इतकं बारीक. त्याला मुळं नसतात आणि झाडाच्या अन्नाला ते हात लावत नाही. सालीवर फक्त मुक्काम करतं.

(भिंगातून साल.)

भिंग आणखी जवळ नेऊ. सालीचा उंचवटा कोरडा, तपकिरी आहे. शेजारची भेग मात्र हिरवीगार, कारण रात्रीचं दव अजून तिथे थांबलंय.

(होकायंत्र, खोडाभोवती सुतळी.)

शेवाळ खोडाच्या कोणत्या बाजूला किती, हे मोजायला जमिनीपासून 1.3 मीटरवर सुतळी बांधली. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते, तो फरक दुरुस्त करून आठ दिशांच्या खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, 100 घरं आखलेला पारदर्शक कागद. ज्या घरात अर्ध्याहून जास्त हिरवं, ते मोजायचं. घाई चालत नाही. सावली सरकली की हिरव्याची छटा बदलते आणि मोजणाऱ्याची नजर फसते, म्हणून प्रत्येक बाजू दोनदा मोजायची.

(खोडावर सरकणारं ऊन.)

कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडे असतो, म्हणून खोडाची उत्तर बाजू उशिरा वाळते. मकरवृत्ताच्या दक्षिणेला याच्या उलट. या दोन वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो आणि काही काळ उत्तरेकडूनही तापतो. ‘शेवाळ दिसलं की उत्तर समजा’ हा सल्ला तिथे रस्ता चुकवू शकतो.

पूर्व आणि पश्चिम बाजूला ऊन साधारण सारखंच मिळतं. पण सकाळचं ऊन आधी दव वाळवण्यात खर्च होतं. दुपारनंतरचं ऊन पडतं ते आधीच वाळलेल्या सालीवर, तापलेल्या हवेत. पश्चिमेची साल जास्त भाजते ती यामुळे.

(कललेलं झाड.)

हे झाड आम्हाला फार आवडलं. कललेल्या खोडाच्या खालच्या अंगाला दिवसभर सावली, तरी तिथे शेवाळ नाही. पावसाचं पाणी वरच्या अंगाने वाहतं, खाली पोचतच नाही. शेवाळाला ओल हवी. ती किती वेळ टिकते, एवढ्यापुरताच उन्हाचा आणि दिशेचा संबंध. म्हणूनच झाडाचा कल नोंदवल्याशिवाय दिशांचे आकडे वापरू नयेत.

(केशरी डाग.)

हा केशरी थरही शेवाळच आहे, ट्रेन्टेपोलिया. वर्गाने हिरवं शैवाल, पण कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांनी त्याचं हिरवेपण झाकलंय. प्रखर उजेडात हीच रंगद्रव्यं त्याचा बचाव करतात.

(ब्रशने घासलेलं खोड.)

खोड घासून काढलं, की शेवाळावर चरणारे सालीवरचे बारीक किडेही उपाशी राहतात.

(पाऊस थांबल्यानंतर.)

सालीवरून पाण्याची एक धार अजून उतरते आहे. धारेच्या वाटेवरचं हिरवं गडद होत चाललंय.