ओसरीतलं वायफाय

(दृश्य: संध्याकाळ. कडुनिंबाचा पार. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली पाच-सहा मुलं. मागे सेवा केंद्राची रंगवलेली पाटी.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात मोबाईलला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीपर्यंत जावं लागतं. पारावर मात्र नेट धो-धो चालतं. पार आणि सेवा केंद्र यांच्यात एकच भिंत आहे, आणि केंद्राच्या वायफायचा पासवर्ड गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो लक्षातही ठेवावा लागत नाही. पाटीवर जो मोबाईल नंबर रंगवलाय, तोच पासवर्ड.

केंद्र चालवणाऱ्या ताईंना यात काही वावगं वाटत नाही. त्या म्हणतात, "समदे गावातलेच त हायेत. कोणाले नाही म्हणू?"

प्रश्न रास्त आहे. सकाळी ज्या बाबाजींचा पीक विम्याचा अर्ज भरला, त्यांचाच नातू संध्याकाळी नेट मागतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याला पासवर्ड नाकारला तर तो फार तर तोंड फिरवतो. इथे नाकारलं तर चावडीवर चार दिवस विषय पुरतो. म्हणून 'पासवर्ड कुणालाही देऊ नका' हा सल्ला गावात टिकत नाही. देऊनही सुरक्षित कसं राहायचं, ते बघू.

(दृश्य: संगणकाचा पडदा. 'स्कॅन' नावाचा फोल्डर. नावं झाकलेली.)

आधी हा फोल्डर पाहा. केंद्रात दोन संगणक आहेत, एकाला स्कॅनर, दुसऱ्याला प्रिंटर. फाइल इकडून तिकडे पटकन जावी म्हणून कुणीतरी हा फोल्डर नेटवर्कवर सगळ्यांसाठी उघडा करून ठेवला, आणि तो तसाच राहिला. खरिपाच्या विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते, बहुतेकदा संपता संपता वाढते. त्या आठवड्यात या फोल्डरमध्ये काय काय साठतं ते बघा: आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, सातबारे, अंगठ्याचे ठसे असलेली संमतिपत्रं.

आता पारावरचा एक फोन घ्या. साधं फाइल मॅनेजर ॲप उघडा, 'नेटवर्क' दाबा. केंद्राचा संगणक दिसतो. आणखी दोनदा बोट लावलं, की अर्ध्या गावाची कागदपत्रं हातात. यात हॅकिंग नाही, कोडिंग नाही. दहावीतलं पोर सहज करू शकेल, तेही केवळ रिकामपण आहे म्हणून.

वायफायवरून बँकेचे पैसे उडाले अशा गोष्टी व्हॉट्सॲपवर पुष्कळ फिरतात. त्यातल्या बऱ्याच फुगवलेल्या असतात. बँकेचं ॲप किंवा साइट आणि तुमचा फोन यांच्यातला मजकूर कूटबद्ध असतो, शेजारी बसलेल्याला तो वाचता येत नाही. खरा धोका असा उघडा पडलेला फोल्डर, आणि हा डबा.

(दृश्य: भिंतीवरचा राउटर. उलटा केल्यावर दिसणारं स्टिकर.)

राउटर. लाल दिवा लागला की फायबर तुटलं, एवढं गावात सगळ्यांना कळतं. माकडांनी केबल ओढली की तोच दिवा. पण डबा उलटा करून कुणी बघत नाही. खाली स्टिकर असतं. त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड, आणि बहुतेकदा आणखी एक जोडी: राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचं नाव आणि पासवर्ड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की पुष्कळ राउटरांचं हे दार समोर येतं. कित्येक राउटरवर दोन्हींचं उत्तर एकच असतं, 'ॲडमिन'. वायफायचा पासवर्ड बदलणारे पुष्कळ भेटतात. हा दुसरा पासवर्ड मात्र वायरवाला लावून गेला तसाच वर्षानुवर्षं पडून असतो. ज्याला तो माहीत, तो तुमचं नेट बंद करू शकतो, किंवा तुम्ही टाकलेला पत्ता भलत्याच साइटकडे वळवू शकतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले असेच ठरावीक पासवर्ड एकेक करून घालून बघत.

आणि जबाबदारी? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडंच आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल आला होता. माग काढत तपास पोहोचला नवी मुंबईतल्या एका घरी. तिथल्या भाडेकरूचा त्या मेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, दुसऱ्या कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली चौकशी त्याच्याकडे. आपल्या गावातही तेच.

(दृश्य: पाटीवरचा नंबर, जवळून.)

आता हा नंबर. आपल्याकडे मोबाईल नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६ ते ९ मधलाच. म्हणजे जास्तीत जास्त चारशे कोटी शक्यता. ऐकायला अफाट वाटतं. पण फोन वायफायला जोडला जातो त्या क्षणाची देवाणघेवाण कुणी टिपून ठेवली, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक घरी बसून या सगळ्या शक्यता काही तासांत तपासतो. आपला नंबर तर पाटीवरच आहे, तेवढीही तसदी नको.

पासवर्ड आठ अक्षरांपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. तिफण, चष्मा, सांडगे, उंबरठा, या धर्तीचे. हेच चार नकोत, ते आता सगळ्यांनी ऐकलेत. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ ठेवा, जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर तिकडे फिरकू नका, ते २००१ मध्येच फोडून दाखवलं गेलंय. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन घालून वायफायला जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी त्याच्या रचनेतल्या चुकीमुळे अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे. वायफायचं नाव लपवण्याने मात्र फारसं काही साधत नाही.

मग पारावरच्या पोट्ट्यांचं काय?

बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. एकाच डब्यातून दोन वायफाय निघतात, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. आपल्या जुन्या घरांत आल्यागेल्याला ओसरीत बसवतात, चहापाणीही तिथेच होतं. माजघरात कुणी शिरत नाही, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. तसंच हे. ओसरीचा पासवर्ड खुशाल भिंतीवर लावा, वेग कमी ठेवा, रात्री दहाला बंद होण्याची वेळ घाला. आतल्या वायफायवर दोन संगणक, प्रिंटर आणि ताईंचा फोन, एवढेच.

स्वस्त राउटरवर इथे एक गोम असते. नाव दुसरं निघतं, पण आतून दोन्ही एकच राहतात. म्हणून खात्री करा. गेस्टला जोडलेल्या फोनवरून तो 'स्कॅन' फोल्डर शोधा, १९२.१६८.१.१ उघडून बघा. दोन्हींपैकी काहीही दिसलं, तर 'आयसोलेशन', म्हणजे गेस्टला आतल्या वायफायपासून वेगळं ठेवणारी सेटिंग, चालू करायचं राहिलंय. तो पर्यायच नसेल, तर वायरवाल्याला बोलावा आणि असा राउटर मागा. फोल्डरला पासवर्ड लावणं मात्र आजच करता येतं, त्याला कुणाची वाट बघायला नको.

(दृश्य: केंद्राबाहेरची रांग. हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं.)

पासवर्ड बदलला की जोडलेलं सगळं एका दमात तुटतं. संगणक दोन मिनिटांत परत जोडला जातो. प्रिंटर रुसतो, त्याच्या इवल्याशा पडद्यावर एकेक अक्षर निवडत बसावं लागतं. कामाला असलेला पोरगा काम सोडून गेला, की आतला पासवर्ड पुन्हा बदलावा लागतो, म्हणजे प्रिंटरची विनवणी पुन्हा. त्यामुळे हे काम शटर ओढल्यावर करायचं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तर अजिबात काढायचं नाही.