पासबुकाची सतरावी ओळ

मंडळी, गिरगावातल्या एका पतपेढीचा जुना प्रोग्राम नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी स्क्रीन मोजल्या. ४२ भरल्या. तेवढ्यावर कोटेशन दिलं. चूक तिथेच झाली.

जुना प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, म्हणजे १९९८ च्या आवृत्तीतला. असे प्रोग्राम बनवायच्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २००८ ला बंद केला, पण त्यात केलेले प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात. त्यामुळे बदलायची घाई कुणालाच नसते.

आम्ही सगळं ब्राउझरमध्ये नेलं. पहिल्याच सोमवारी काउंटरवरच्या ताईंनी पासबुक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरात सरकवलं आणि समोर प्रिंटची खिडकी उघडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जुना प्रोग्राम एलपीटी१ पोर्टवर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर, सरळ मजकूर सोडायचा. मागची नोंद सोळाव्या ओळीला संपली हे त्याच्याकडे लिहिलेलं असायचं. तेवढ्या कोऱ्या ओळी सोडून पुढची नोंद बरोबर सतरावीवर उमटायची. ब्राउझर मात्र माणसाला विचारल्याशिवाय वेबपानाला प्रिंटरपर्यंत पोचू देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण इथे दर पासबुकामागे दोन क्लिक वाढले, नोंद अर्धी ओळ खाली सरकली आणि रांग जिन्यापर्यंत गेली. शेवटी प्रत्येक पीसीवर छपाईपुरता वेगळा प्रोग्राम टाकावा लागला. ‘काहीही इन्स्टॉल करावं लागणार नाही’ असं आम्ही लेखी दिलं होतं.

डेस्कटॉपवरच राहून डॉटनेटवर, म्हणजे प्रोग्राम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या व्यवस्थेवर, गेलं तरी सगळं सोबत येत नाही. स्क्रीन बनवायचे विंडोज फॉर्म्स डॉटनेटच्या नव्या शाखेत २०१९ मध्ये, डॉटनेट कोअर ३.० बरोबर आले, तेही फक्त विंडोजसाठी. ३२ बिटचं ओसीएक्स, म्हणजे जुन्या प्रोग्रामात जोडलेला तयार भाग, ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये लोड होत नाही. इन्स्टॉल करायचं नवं एमएसआयएक्स पॅकेज केलं की प्रोग्रामला स्वतःच्या फोल्डरात लिहिता येत नाही, आणि आमची सेटिंगची फाइल नेमकी तिथेच होती. डॉटनेट ९ मध्ये माहिती फाइलमध्ये साठवायचा जुना बायनरीफॉर्मॅटर वापरला की थेट एरर येते. हे सगळं कागदपत्रांत लिहिलेलं आहे. वाचलं की कळतं.

नावांचं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. व्हीबी ६ च्या साध्या टेक्स्टबॉक्सला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची प्रमाण अक्षरपद्धत, दाखवता येत नाही, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. म्हणून खातेदारांची नावं जुन्या फॉन्टमध्ये होती: फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर मराठी वळणाचा फॉन्ट. ‘शिर्के’ घ्या. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने साठवलेलं: आधी वेलांटी, मग श, मग क, मात्रा, रफार. युनिकोडमध्ये बोलतो तो क्रम: श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. आमच्या कन्व्हर्टरने रफार एक घर चुकवला आणि गावातले सगळे शिर्के शोधयादीतून गेले. कऱ्हाडच्या पत्त्यांमधला ऱ्ह तर हातानेच दुरुस्त करावा लागला. त्यात ताईंचा हात मराठी टायपिंगच्या परीक्षेत बसलेला, रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीचा. आम्ही फक्त इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड दिला होता. वीस वर्षं कीबोर्डकडे न बघता नाव टाकणारी बाई एकेक अक्षर शोधायला लागली, ते मला बघवलं नाही. रेमिंग्टनचा लेआउट आम्ही त्याच आठवड्यात बसवला.

आता मी कोटेशनआधी दोन दिवस काउंटरमागे खुर्ची टाकून बसते. काही विचारत नाही, हात बघते. मग प्रस्तावाच्या पहिल्या पानावर नव्या प्रोग्राममध्ये काय येणार नाही ते लिहिते आणि ते पान संचालकांच्याही आधी काउंटरवर देते. परवा लालबागच्या एका पतपेढीत अशीच यादी दिली. तिथल्या ताईंनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, पासबुकाच्या मुद्द्यावर पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, “हे सोडून बाकीचं चालेल.”