थंडी संपायच्या आधीचा वसंत

मंडळी, १ फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता डब्लिनमध्ये घराबाहेर पडलात, तर अजून पुरतं उजाडलेलंही नसतं. तोंडावर बारीक पाऊस, कान बधिर. आणि बसस्टॉपवरच्या आजीबाई हसून म्हणतात, "चला, आला एकदाचा वसंत!" पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण आयर्लंडच्या जुन्या गणनेत वसंत खरंच त्या दिवशी सुरू होतो. त्या सणाचं नाव इंबोल्क, आणि संतिणीच्या नावाने म्हणायचं तर ब्रिजिडचा दिवस.

आपली होळी येते तोवर थंडीने खरोखर पाय काढता घेतलेला असतो. तिथे सण आधी आणि ऊब कितीतरी नंतर. मग हे लोक साजरं काय करतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता.

उत्तर गोठ्यात सापडतं. इंबोल्क या शब्दाचा संबंध इ.स. ९०० च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशाने मेंढीच्या दुधाशी जोडलाय. काही अभ्यासक 'पोटात' असा अर्थ लावतात. दोन्हींचा रोख एकच: मेंढ्या गाभण आहेत, कास भरायला लागली आहे. जुन्या काळी तोवर गाई आटलेल्या, गवताची गंजी खाली आलेली, धान्य मोजून काढायचं. थंडी हललेली नसते, पण आता उपाशी मरणार नाही याची खूण कासेत दिसते. म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणात बटाट्याच्या लगद्यावर लोण्याचा गोळा घालायचा. हात आखडायचा नाही.

आणि उजेड. डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवस तिथे साडेसात तासांचा असतो. फेब्रुवारी लागेपर्यंत तो नऊ तासांच्या जवळ येतो, सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो. साडेतीन-चारलाच दिवे लावायची सवय झालेल्या माणसाला ही केवढी चैन वाटते, ते मुंबई-पुण्यात बसून कळणार नाही. टारा नावाच्या टेकडीवर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं एक दगडी थडगं आहे. फेब्रुवारीच्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचे किरण त्याच्या आत शिरतात. ते बांधणारे केल्ट नव्हते; ज्या केल्टिक भाषेतून सणाचं नाव आलं, ती त्या बेटावर नंतर आली. म्हणजे या दिवसांवर नजर ठेवणारे लोक सणाच्या नावाहूनही जुने!

आता ही ब्रिजिड कोण? जुन्या ग्रंथांत ती देवी आहे. खरं तर तीन बहिणी, तिघींचं नाव तेच: एक कवींची, एक वैद्यांची, एक लोहारांची. पुढे त्याच नावाची ख्रिस्ती संतीण झाली, किल्डेअरच्या मठाची. आणि गंमत ऐका, भाषाशास्त्रज्ञ हे नाव आपल्या संस्कृत 'बृहती'च्या सख्ख्या नात्यातलं मानतात. थोर, उंच, असा अर्थ. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू लिहितो, की किल्डेअरला १९ नन पाळीपाळीने एक अग्नी राखतात, विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिजिड सांभाळते, आणि भोवतीच्या कुंपणाच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. पुढे मठ मोडले, आग विझली. १९९३ साली ननांनीच किल्डेअरच्या चौकात ती पुन्हा पेटवली. म्हणून 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' असं कुणी पत्रकात छापलं की माझी भुवई वर जाते. पेटवलेली आग आहे, राहिलेली नव्हे. त्याने माझ्या लेखी तिचं मोल कमी होत नाही. २०२३ पासून तर सरकारी सुट्टीही मिळाली. बाईच्या नावाने असलेली त्या देशातली ती पहिलीच.

पण जे खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात आलंय, ते गवत. १९४२ साली तिथल्या लोकसाहित्य आयोगाने या सणाबद्दल देशभर प्रश्नावली पाठवली होती. खेड्यापाड्यांतून उत्तरं आली आणि त्यांत जागोजागी या गवताचा विणलेला क्रूस आहे, ब्रिजिडचा. ओलसर माळावर उगवणारं, आपल्या लव्हाळ्यासारखं ते गवत. महापुरात वाचतं ना, तसलंच चिवट. ते विळ्याने कापत नाहीत, उपटतात. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर चढवायची. मग सगळं पाव फेरा फिरवायचं, पुढची काडी दुमडायची, पुन्हा फिरवायचं. मधे चौकोन फुगत जातो, चार हात लांबतात, शेवटी टोकं दोऱ्याने बांधायची. दारावर टांगला की घराला आग लागत नाही म्हणतात.

गावातल्या सभागृहात पन्नासेक माणसं, पायाशी ओल्या गवताचा ढीग, कोपऱ्यात चहाची किटली. माझा अंगठा जरा सैल पडला आणि अख्खा क्रूस मांडीवर उलगडला. शेजारची सात वर्षांची पोर तिसरा करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, काही बोलली नाही. जरा बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्रीचा आणखी एक रिवाज आहे, ब्रिजिडचा शेला. एखादं फडकं बाहेर ठेवायचं. रात्री ती जाता जाता हात लावते, मग ते वर्षभर डोकेदुखीवर चालतं. मी पैठणहून आणलेली सुती ओढणी खिडकीबाहेर ठेवली. सकाळी पाहते तर चिंब, पिळून बादलीत टाकावी अशी. शेजारणीला म्हटलं, "अहो, पाऊसच पडून गेला."

ती म्हणाली, "मग? धुवायला टाकू नकोस हं."